गंडभेरुंड थांबतो की उडतो? एका घरगुती युद्धपटाच्या नियमांचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात एका घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण पट मांडून बसतो. खाली पूर्वी चार माग होते, आता तिथे टॉवेलांचे गठ्ठे असतात. पट विकतचा नाही. जॅकार्ड चादरींची डिझाइनं काढण्यात ज्यांची हयात गेली, अशा एका काकांनी तो स्वतः तयार केलाय. डिझाइनच्या आलेख कागदावर त्यांनी चार चौकोन रुंद, चार चौकोन उंच अशी घरं पाडली आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा दोन चौकोन सरकवली. विटांची भिंत रचतात तशी. त्यामुळे मधल्या कुठल्याही घराला बरोबर सहा शेजारी मिळतात, आणि बुद्धिबळाच्या पटावर पडतो तो ‘तिरपं घर शेजारी धरायचं का’ हा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेत १९६१ सालापासून युद्धखेळांच्या पटावर षट्कोनी घरं आली ती याच कारणाने. काकांना ते माहीत नव्हतं. ते आपल्या आलेखावरून तिथे पोचले, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सोंगट्या जुन्या लाकडी कांड्या कापून रंगवलेल्या आहेत. राज्यं चार : हिरवं, पिवळं, तांबडं, निळं. प्रत्येकाकडे भालाईत (बळ २, चाल २), घोडेस्वार (बळ ३, चाल ४), तिरंदाज, वेताळ, उडणारा, दोन तोंडांचा पक्षी गंडभेरुंड (बळ ४, चाल ५) आणि किल्ला राखणारा, सिंहासारखा शरभ (बळ ५). शरभ आणि गंडभेरुंड आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले असतात, तिथूनच काकांनी ते उचलले. माळावरच्या घराला चालीचा एक गुण लागतो, डोंगराला दोन, नदी ओलांडायला एक जादा. लढाईत दोन्ही बाजूंनी आपापलं बळ मोजायचं, त्यात एकेका फाशाचं दान मिळवायचं, बेरीज ज्याची जास्त तो जिंकला.

नियमांची वही नऊ पानांची. काकांनी सांगितलेलं एका भाचीने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं. मी पटाला तिसऱ्या वर्षी येऊन मिळाले. माझा व्यवसाय दस्तलेखनाचा, म्हणजे दिवसभर ‘पूर्वेस लगत’, ‘पैकी’, ‘पासून’, ‘पर्यंत’ हेच शब्द. एका ‘पर्यंत’साठी भाऊबंद वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिलेत. तरी ही वही मी कधी त्या नजरेने वाचली नव्हती. खेळायला येत होते, कामाला नाही.

खेळणाऱ्यांची नावं इथे देत नाही, त्यांच्या रंगांनी ओळख पुरेल.

अडचण

मे महिन्यातला रविवार. डाव तीन तास चालला होता. हिरवं राज्य एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे, पिवळं एका यंत्रमागवाल्याकडे. ती त्याला दादा म्हणते. हिरवीचा एक घोडेस्वार पिवळ्या किल्ल्याच्या पलीकडे येऊन ठेपला होता, पण एकट्याने काही होणार नव्हतं : किल्ल्यात शरभाचे ५ आणि तटाचे २ असे ७. तिने गंडभेरुंड उचलला, पिवळ्या भालाइतांच्या रांगेवरून नेला आणि पाचव्या घरात, किल्ल्याला लागून, उतरवला. आता ४ आणि ३ मिळून तिचेही ७ झाले. फासे पडले : तिचं ४, त्याचं ३. अकरा विरुद्ध दहा, किल्ला गेला.

पिवळ्याने हरकत घेतली. वहीतला सातवा नियम त्याला पाठ होता : “शत्रूच्या लगतच्या घरात आलेली सोंगटी धाकामुळे थांबते.” गंडभेरुंड दुसऱ्याच घरात त्याच्या भालाइताला लगत आला होता, म्हणून तिथेच थांबायला हवा होता. हिरवीने आठवा नियम दाखवला : “उडणाऱ्या सोंगट्यांना वाटेतले अडथळे लागू नाहीत.” पिवळा म्हणाला, “डोंगर अडथळा, नदी अडथळा. धाक अडथळा कसा? धाक हा नियम आहे.” ती म्हणाली, “दादा, जे अडवतं तो अडथळा.”

दोघांचंही बरोबर होतं, ही खरी पंचाईत.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “उडणारं पाखरू कुणाला भितंय? जाऊ द्या.” त्यावर पिवळा उठूनच उभा राहिला. “मग गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या डावात माझा गंडभेरुंड का थांबवलात, काका?” काकांना ते आठवेना. तांबड्याला आठवत होतं की तो पक्षी आधीपासूनच शत्रूला लागून बसला होता आणि तिथून निघण्याचा प्रश्न होता. निळ्या अक्कांना आठवत होतं की तो वाटेतच थांबवला. मला काहीच आठवत नव्हतं. लेखी नोंद कुणाकडेच नव्हती. पिवळा चप्पल घालून जिना उतरला, आणि पुढचे पाच रविवार आला नाही.

त्या दुपारचा निर्णय

पट मांडलेला, एक खेळाडू गेलेला. किल्ला हिरवीला द्यायचा, गंडभेरुंड मागे घेऊन डाव पुढे चालवायचा, की डाव मोडायचा? तांबड्याचं म्हणणं, काकांचा शब्द अखेरचा, किल्ला द्या. आम्ही डाव अपुरा म्हणून सोडला, आणि तसं सुचवणारी मीच होते.

हा निर्णय मला आजही अर्धाच पटतो. नियमाचा अर्थ लागण्याआधी त्याच नियमावर निकाल देऊ नये, हे बरोबर. पण हिरवीने तीन तास नेटाने खेळून ती संधी उभी केली होती, आणि वहीच्या चुकीचा भुर्दंड तिच्या एकटीच्या माथी बसला. डाव जसाच्या तसा ठेवून पुढच्या रविवारी चालू करता आला असता, पण मांडणी टिपून ठेवायची सवय आम्हाला नव्हती, आणि रात्री त्याच खोलीत घरातली मुलं झोपतात.

पुढचे पर्याय

त्या आठवड्यात फोनाफोनी झाली. पहिली सूचना अशी, की वाद झाला की काकांनी सांगायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. या पद्धतीला जुनी परंपरा आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये जो युद्धखेळ आणला, त्यात फासे आणि कोष्टकं होती आणि ती चालवायला पंच होता. पुढे १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने मांडलं की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला आपल्या समजुतीने निकाल देऊ द्या. तिथे ते चालण्याजोगं होतं, कारण पंच स्वतः खेळत नसे. आमचे काका दर दोन डावांआड एकदा खेळायला बसतात. शिवाय वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या आठवणीवर सगळा खेळ टांगून ठेवणं मला त्यांच्यावरच अन्याय वाटला.

दुसरी सूचना मतदानाची. चार खेळाडूंच्या पटावर ती धोक्याची, कारण मत देणाऱ्या प्रत्येकाला त्या निकालाने फायदा किंवा तोटा असतो. तांबड्याने किल्ला हिरवीला द्या म्हटलं तेव्हा त्याची स्वतःची फौज पिवळ्याच्या सरहद्दीवर उभी होती. त्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. पण पिवळ्याने जिन्यावरून जाताना नेमकं तेच बोलून दाखवलं.

कुणी म्हणालं धाकाचा नियमच काढून टाका. मग घोडेस्वार भालाइतांच्या रांगेतून सुसाट निघतील आणि भालाइतांना पटावर कामच राहणार नाही. कुणी म्हणालं वादाच्या वेळी फासा टाका. ही सूचना तेवढी आम्ही राखून ठेवली, तिचं पुढे येईल.

राहिली वही नव्याने लिहिणं. ते काम मी मागून घेतलं.

काय केलं

लिहायला बसण्याआधी वही किती ठिकाणी फाटते ते बघायचं होतं. वादाच्या वेळची मांडणी आठवून मी कागदावर काढली, तिच्या सात प्रती केल्या, खाली पाच प्रश्न लिहिले आणि सात जणांना वेगवेगळं गाठून उत्तरं घेतली. एकमेकांशी बोलायचं नाही, वही मात्र बघायची. पिवळ्याकडे त्याच्या कारखान्यात गेले. त्याने चहा सांगितला, कागद घेतला आणि उभ्या-उभ्या उत्तरं लिहून दिली.

गंडभेरुंडाच्या प्रश्नावर चार जण ‘उडतो’, तीन जण ‘थांबतो’. हे अपेक्षितच होतं. धक्का बसला तो ज्या नियमांवर कधी भांडण झालं नव्हतं त्यांचा. “तिरंदाज दोन घरे सोडून मारा करतो.” याचे तीन अर्थ निघाले. काहींच्या मते मधे दोन घरं रिकामी, बाण तिसऱ्या घरात. काहींच्या मते बाण दुसऱ्याच घरात. ‘एक दिवसाआड’ मोजताना आपली जी गल्लत होते तीच ही. आणि निळ्या अक्का इतके दिवस दोन घरांपलीकडच्या वाटेल त्या सोंगटीला मारत होत्या. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांनी नियम मनात तेलुगूत करून घेतला होता आणि तिथे तो असा बसला होता. इतक्या डावांत कुणी त्यांना टोकलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की आपणच चुकीचं समजतोय.

नववा नियम त्याहून अवघड. “किल्ल्यापर्यंत पोचलेल्या सोंगटीला त्या डावात किल्ल्यावर हल्ला करता येतो.” किल्ल्यापर्यंत म्हणजे किल्ल्याच्या घरात, की त्याला लागून? आणि ‘त्या डावात’ म्हणजे काय? आपण ‘आता तुझा डाव’ म्हणतो तेव्हा एका खेळीबद्दल बोलतो, आणि ‘डाव रंगला’ म्हणतो तेव्हा अख्ख्या खेळाबद्दल. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘एकदा पोचलो की खेळ संपेपर्यंत कधीही.’

दहाव्यात फक्त एकवचनाचा घोळ. “लगतच्या सोंगट्या मिळून हल्ला करू शकतात. हरलेली सोंगटी पटावरून जाते.” तिघी मिळून हल्ला करून हरल्या तर जाते एक, की तिन्ही? आणि बेरीज सारखी आली तर काय, याबद्दल वहीत अक्षर नव्हतं.

एवढं घेऊन मी काकांकडे गेले. दस्ताच्या कामात शंका आली की आम्ही मूळ दस्त काढतो. तसा मी त्यांच्याकडे मूळ आलेख मागितला. ट्रंकेतून निघाला तो कागद घडीवर पिवळा पडला होता, एका कोपऱ्यात शेंगा चटणीच्या तेलाचा डाग. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, ‘बरोबरी = राखणदार’. बरोबरीचा नियम होता! वही उतरवताना समासातला म्हणून राहून गेला होता. आणि पटाच्या मधोमध एक बाण : गंडभेरुंडापासून निघालेला, भालाइतांच्या रांगेवरून गेलेला, पलीकडे छोट्या वर्तुळात संपलेला.

मला वाटलं, झालं, पुरावा मिळाला. मग नीट पाहिलं. बाण पेन्सिलीचा, आणि धाकाबद्दलची ओळ खाली निळ्या शाईत. काकांनी सांगितलं की धाक दुसऱ्या वर्षी घातला, घोडेस्वार फार माजले म्हणून. म्हणजे बाण काढला तेव्हा धाक अस्तित्वातच नव्हता. त्या बाणावरून धाकाचा प्रश्न सुटत नाही. मी काकांना विचारलं, धाक घालताना गंडभेरुंडाचा विचार केला होता का? ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “नाही केला. आता तू विचारलंस तेव्हा करतोय.”

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मी हाच मानते. तोवर आम्ही सगळे नियमाचा ‘खरा अर्थ’ शोधत होतो. तो नव्हताच. आता अर्थ सापडणार नव्हता, ठरवावा लागणार होता.

मग शब्द पक्के केले. ‘डाव’ म्हणजे संपूर्ण खेळ. एकाची खेळी ती ‘पाळी’. चौघांची एकेक पाळी झाली की ‘फेरी’. ‘लगत’ म्हणजे कड लागून असलेली घरं. ‘शिरणे’ म्हणजे घरात येणं, मग पुढे जायचं असो वा नसो. ‘थांबणे’ म्हणजे पाळीतली चाल संपणं. ‘पर्यंत’ आणि ‘सोडून’ हे दोन शब्द वहीतून हद्दपार केले. तिरंदाजाचं वाक्य आता असं आहे : “तिरंदाज आणि लक्ष्य यांच्यामध्ये नेमके एक घर असावे.” काकांच्या मनात तेच होतं.

त्यानंतर क्रम. नुसता शब्द पक्का करून भागत नाही, कुठली गोष्ट आधी हे सांगावं लागतं. डिप्लोमसी हा १९५९ चा खेळ याचा चांगला दाखला आहे. त्यात सगळे आपले हुकूम एकदम लिहितात आणि ते एकाच वेळी घडतात. आरमाराने समुद्रापार नेलेल्या सैन्याच्या हल्ल्याचा परिणाम त्याच आरमाराच्या बचावावर होतो, अशा काही मांडण्यांत कुठला निकाल आधी लावायचा हेच कळेनासं होतं. याच्या उलट टोकाला टायटन, १९८० चा. राक्षस आणि देवदूतांच्या फौजांचा हा खेळ हालचालीचा पट वेगळा ठेवतो आणि लढाईचा वेगळा, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होत नाही. आम्ही पट एकच ठेवला, पण पाळीचे चार भाग केले : आधी सगळी हालचाल, मग कोण कुणावर हल्ला करणार ते बोलून दाखवणं, मग लढाया, शेवटी ताबा. लढाई सुरू झाली की त्या पाळीत कुठलीही सोंगटी चालत नाही. जिंकलेल्यांपैकी एक सोंगटी मोकळ्या घरात जाऊ शकते, पण तिथून पुन्हा हल्ला नाही. हल्लेखोर हरले तर त्यांच्यातली एकच जाते, कुठली ते त्यांनी ठरवायचं.

आणि गंडभेरुंड : वाटेतल्या घरांचा धाक त्याला नाही, उतरेल त्या घराचा आहे. हा निर्णय काकांचा, त्यांच्या सहीने, तारखेनिशी.

माझी चूक

इथवर ठीक होतं. पण मी एक ओळ जास्तीची लिहिली : “उडून आलेल्या सोंगटीला त्याच पाळीत किल्ल्यावर हल्ला करता येत नाही.” उडण्याच्या बाजूने निकाल लागल्यावर पिवळ्याला काहीतरी मिळावं, असं मनात होतं. तोल साधतोय असं वाटलं. काकांनी वाचलं आणि हरकत घेतली नाही.

नवी वही घेऊन पहिला डाव झाला तेव्हा हिरवीने ती ओळ वाचली आणि हळूच म्हणाली, “ताई, म्हणजे त्या दिवशी मी बरोबर उडले, तरी किल्ला मिळालाच नसता?”

आमच्या धंद्यात चूकदुरुस्ती लेख असतो. गट क्रमांक चुकला, नावातलं अक्षर चुकलं, तर त्याने दुरुस्त करता येतं. व्यवहाराची रक्कम त्याने बदलता येत नाही, त्याला नवा दस्त लागतो. हे मी रोज लोकांना समजावते, आणि तरी खुलाशाच्या नावाखाली मी व्यवहारच बदलला होता. ज्या मुलीचा एक डाव आधीच माझ्या सूचनेवरून गेला होता, तिच्याच विरुद्ध.

ती ओळ त्याच दिवशी काढली. वहीच्या शेवटी दोन वेगळी पानं जोडली : एक ‘खुलासा’, एक ‘बदल’. खुलासा काका कधीही करू शकतात, तो लगेच लागू. बदल आधी तीन डाव तात्पुरता खेळून बघायचा, मग सगळ्यांच्या संमतीने घ्यायचा, आणि चालू डावाला तो कधीच लागू नाही. माझी ओळ ‘बदल’च्या पानावर गेली, तीन डाव खेळून पाहिली आणि सर्वानुमते नाकारली गेली. त्याऐवजी प्रत्येकाकडे दोन गंडभेरुंड होते तिथे एकच ठेवला. ही सूचना हिरवीची.

निष्पत्ती

वही नऊ पानांची चौदा झाली, त्यातली चार आलेखावर काढलेल्या उदाहरणांची. ती आधी आठवीतल्या दोन मुलांना दिली, ज्यांनी हा पट कधी पाहिला नव्हता. त्यांनी कुणाला न विचारता एक डाव पुरा केला, फक्त नदीकाठी अडकले. पुढच्या सहा डावांत नियमावरून थांबावं लागलं ते दोनदा. वहीत उत्तर नसेल तर तिथे फासा टाकायचा, डाव चालू ठेवायचा आणि प्रश्न एका वेगळ्या दोनशे पानी वहीत लिहायचा. मघाची राखून ठेवलेली सूचना अशी कामी आली, कारण त्या फाशाचा निकाल त्या डावापुरताच असतो.

पाळीच्या चार भागांमुळे डाव लांबला, हे मान्य करायला हवं. हल्ले आधी बोलून दाखवायचे म्हणून माणसं विचार करत बसतात. घोडेस्वारांची जुनी मजाही थोडी गेली, पूर्वी ते एक घर जिंकून लगेच दुसऱ्यावर तुटून पडत.

काका सुरुवातीला दुखावले होते. “माझ्या खेळाचं खरेदीखत केलंस,” असं एकदा म्हणाले. आता ‘खुलासा’च्या पानावर त्यांच्या सात सह्या आहेत, आणि सही करताना ते चष्मा पुसून घेतात. पिवळा आषाढी झाल्यावरच्या रविवारी परत आला. आल्या-आल्या त्याने हिरवीसमोर बसून तीच मांडणी लावली आणि तिला म्हणाला, “टाक फासा, बघू आता.” तिला १ पडला.

पुन्हा करायचं झालं तर

प्रती वाटण्याआधी काकांना भेटेन. त्यांच्या खेळात किती भोकं आहेत याची चर्चा गल्लीतून त्यांच्या कानावर गेली, हे माझ्याकडून व्हायला नको होतं. निळ्या अक्कांना मसुदा सगळ्यात आधी वाचायला देईन. मराठी ज्यांची शाळेतली भाषा आहे, त्यांना वाक्यातली फट आपल्याआधी दिसते. आणि दर फेरीनंतर पटाचा मोबाइलवर फोटो. ते आता हिरवी करते. त्या मे महिन्यात एक फोटो असता तर डाव मोडावा लागला नसता, आणि फेब्रुवारीत, जत्रेनंतरच्या त्या डावात, एक असता तर भांडणच झालं नसतं.

दोनशे पानी वहीत सध्या एकच प्रश्न उघडा आहे, त्याच आठवीतल्या मुलांनी विचारलेला : वेताळ नदीतून चालतो तेव्हा पाण्यातल्या घराला शत्रूचा धाक लागतो का? काकांनी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतलीय.